'पॉझिटिव्ह राहा' हे संशोधन नेमकं काय सांगतं? कांद्याच्या चाळीतून एक तपासणी

संकटात कोण टिकतं, हा मानसशास्त्रातला जुना प्रश्न. गेल्या काही वर्षांत, विशेषतः कोविडनंतर, त्याचं एक ठरलेलं उत्तर पेपरमागून पेपरमध्ये दिसतं. ज्या माणसांकडे आशावाद आहे आणि ज्यांना 'मी माझ्या भावना सांभाळू शकतो' असा विश्वास आहे, त्यांचं मानसिक स्वास्थ्य संकटातही कमी ढासळतं. देश बदलतो, संकट बदलतं, नमुना कधी विद्यार्थ्यांचा असतो, कधी शिक्षकांचा, कधी नर्सेसचा. निष्कर्ष साधारण तोच राहतो.

हा निष्कर्ष खोटा नाही, हे आधीच सांगून टाकते. पण तो अर्धवट वाचला जातो, आणि अर्धवट वाचून त्याचं पोस्टर बनवलं जातं: 'पॉझिटिव्ह राहा.' आजच्या लेखात आपण हे संशोधन नीट उघडून बघू. त्यातलं काय भक्कम आहे, काय ठिसूळ आहे, आणि नाशिक जिल्ह्यात आणून ठेवलं की त्याचं काय होतं. नाशिक अशासाठी की मी इथली आहे. शिवाय संकट म्हणजे काय हे या जिल्ह्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द आशावाद. रोजच्या बोलण्यात आशावादी म्हणजे हसतमुख, उत्साही माणूस. संशोधनात अर्थ बराच मर्यादित आहे. मायकल शायर आणि चार्ल्स कार्व्हर या दोघांनी १९८५ मध्ये मांडलं की आशावाद म्हणजे 'पुढे माझ्या बाबतीत एकंदरीत चांगलंच घडेल' ही सर्वसाधारण अपेक्षा. ती मोजायला त्यांनी 'लाइफ ओरिएंटेशन टेस्ट' बनवली आणि १९९४ मध्ये ती सुधारली. सुधारित चाचणीत दहा वाक्यं आहेत. त्यातली चार नुसती भरतीची, गुण सहाच वाक्यांना. तीन आशेच्या बाजूची, तीन निराशेच्या बाजूची. म्हणजे ज्या आशावादावर जगभर एवढे पेपर निघतात, तो बहुतेक वेळा या सहा वाक्यांत मावतो.

दुसरा शब्द जरा लांबलचक आहे: भावना-नियमनाबाबतची स्व-क्षमता. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेची कल्पना मांडली. 'हे काम मला जमेल' हा त्या-त्या कामापुरता विश्वास म्हणजे स्व-क्षमता. गणित जमेल, पोहणं जमेल, तसंच राग आला तर तो आवरणं जमेल. इटलीतले जान व्हित्तोरियो काप्रारा आणि त्यांचे सहकारी यांनी बांडुरांसोबत ही कल्पना भावनांना लावली. खचून गेल्यावर स्वतःला सावरणं, चिडल्यावर स्वतःला थांबवणं, आणि आनंद झाला तर तो मोकळेपणाने व्यक्त करणं, या गोष्टी मला कितपत जमतात असं मला वाटतं, हे त्यांची मोजपट्टी विचारते.

'वाटतं' हा शब्द लक्षात ठेवा. ही मोजपट्टी कौशल्य मोजत नाही, कौशल्याबद्दलचा विश्वास मोजते. पुढे याचं काम पडणार आहे.

भक्कम काय आहे

आशावादी माणसं संकटात नुसती बसून राहत नाहीत, हा या संशोधनातला सगळ्यात पक्का भाग. सोलबर्ग नेस आणि सेगरस्ट्रॉम यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. आशावादी लोक प्रश्नाला भिडण्याचे मार्ग जास्त वापरतात, टाळण्याचे कमी. आशा त्यांना कामाला लावते, आणि काम केल्यामुळे परिस्थिती थोडी का होईना बदलते. 'सगळं ठीक होईल' म्हणून डोळे मिटणारा माणूस आणि 'ठीक होऊ शकेल' म्हणून बाह्या सरसावणारा माणूस, या दोघांत संशोधनातला आशावादी हा बहुधा दुसरा.

आणखी एक सुंदर अभ्यास आहे, ॲस्पिनवॉल आणि रिक्टर यांचा, १९९९ चा. त्यांनी लोकांना न सुटणारी कोडी दिली. आशावादी माणूस चिवटपणे त्यांनाच चिकटून बसेल असं आपल्याला वाटेल ना? झालं उलटं. समोर दुसरी कोडी उपलब्ध असतील तर आशावादी लोकांनी न सुटणारं कोडं लवकर सोडलं आणि दुसरीकडे वळले. म्हणजे खरा आशावाद हट्टी नसतो. पण 'दुसरी कोडी उपलब्ध असतील तर' ही अट सोडून वाचू नका. या लेखाचं निम्मं म्हणणं त्या अटीतच आहे.

ठिसूळ काय आहे: मोजमाप

आता तक्रारी. पहिली तक्रार जुनीच आहे. १९८९ मध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांनी विचारलं होतं: तुम्ही ज्याला आशावाद म्हणता, तो वेगळा गुण आहे, की फक्त चिंतातुर स्वभावाचा अभाव? कारण जो सतत चिंतेत असतो तो भविष्याबद्दलही वाईट लिहिणार आणि स्वतःच्या तब्येतीबद्दलही वाईटच लिहिणार. मग दोन आकडे एकमेकांशी जुळले तर त्यात नवल काय? शायर-कार्व्हर यांनी १९९४ मध्ये चार हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या माहितीवरून उत्तर दिलं की चिंतातुरपणा हिशेबातून वजा केला तरी आशावादाचा काही परिणाम उरतो. उत्तर प्रामाणिक होतं. पण नंतरचे कितीतरी पेपर ही वजाबाकी करतच नाहीत.

दुसरी तक्रार वेळेची. यातले बरेच अभ्यास एकाच दिवशी, एकाच फॉर्मवर, एकाच माणसाकडून सगळं विचारून घेतात: तुम्ही आशावादी आहात का, भावना सांभाळता येतात का, आणि बरं वाटतंय का. मग आकडेमोड करून बाण काढले जातात: आशावादामुळे विश्वास, विश्वासामुळे स्वास्थ्य. पण बाण उलटाही असू शकतो. आज बरं वाटतंय म्हणून उद्याबद्दल आशा वाटत असेल. झोप चांगली झाली की मलाही माझ्या थिसिसबद्दल आशा वाटते! एका दिवसाच्या माहितीतून 'आधी काय, नंतर काय' सांगता येत नाही, हे संख्याशास्त्रवाले कधीपासून ओरडून सांगतायत. मॅक्सवेल आणि कोल यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की अशा माहितीवर काढलेले बाण बऱ्याचदा दिशाभूल करतात.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. २०२१ मध्ये शायर आणि बऱ्याच संशोधकांनी मिळून जुने अभ्यास पुन्हा तपासले आणि आशेची तीन वाक्यं आणि निराशेची तीन वाक्यं वेगळी करून पाहिली. शारीरिक आरोग्याचा अंदाज कशावरून जास्त चांगला आला? आशा असण्यापेक्षा निराशा नसण्यावरून. ऐकायला हा फरक बारीक वाटतो, पण व्यवहारात मोठा आहे. माणसाला जबरदस्तीने आशावादी बनवण्यापेक्षा त्याची निराशा ज्यातून येते ते कारण काढणं जास्त उपयोगाचं असू शकतं. पोस्टर पहिलं काम करतं. दुसऱ्याला पैसे लागतात, धोरण लागतं, माणसं लागतात.

आता हे नाशिकला आणू

कांदा साठवणं हे आशावादाचं नाशिकी रूप आहे असं मला नेहमी वाटतं. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो. तेव्हा बाजारात आवक भरपूर आणि भाव पडलेले. ज्याच्याकडे चाळ आहे तो कांदा चाळीत भरतो आणि पावसाळ्यानंतर भाव येईल म्हणून थांबतो. चार-पाच महिन्यांत वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. हे सगळं माहीत असून तो थांबतो. 'लाइफ ओरिएंटेशन टेस्ट' न भरताही हा माणूस सांगतोय की पुढे चांगलं घडेल. आणि त्याची आशा रिकामी नाही. चाळ बांधलेली आहे, हवा खेळती राहील अशी रचना आहे, सडका कांदा वेळच्या वेळी निवडून काढला जातो. शायर-कार्व्हर ज्याला आशावाद म्हणतात तो हाच: अपेक्षा आणि तिच्यामागे काम.

आता लाल कांदा घ्या. खरिपाचा. तो टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री केंद्र सरकारने कांदा निर्यातबंदीची अधिसूचना काढली, मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचा हंगाम. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, रस्ता रोको झाले, भाव कोसळले. पुढे बंदीची मुदत वाढली, आणि मे २०२४ मध्ये ती उठली तेव्हाही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क सोबत आलं.

या दोन शेतकऱ्यांना आपली प्रश्नावली द्या. समजा दोघांचा आशावादाचा गुण अगदी सारखा आला. पहिल्याची आशा त्याला चाळीकडे नेते. दुसऱ्याची कुठे नेणार? माल थांबवता येत नाही, दुसऱ्या बाजारात नेता येत नाही, निर्णय दिल्लीत झालाय. ॲस्पिनवॉल-रिक्टरची अट आठवा. दुसरं कोडंच टेबलावर नाही. गुण तोच, पण एकाकडे तो ताकद आहे आणि दुसऱ्याकडे नुसती वाट बघणं. आणि आपले पेपर या दोघांना एकाच सरासरीत टाकतात.

माझा मूळ आक्षेप हा आहे. आशावाद माणसाच्या आत मोजला जातो, पण तो चालतो बाहेरच्या रस्त्यावर. रस्ता किती उघडा आहे हे मोजणारा रकाना बहुतेक अभ्यासांत नसतो.

द्राक्षवाल्यांचं उदाहरण आणखी वेगळं आहे. बागलाणात लवकर छाटणी करून हंगामाआधी द्राक्ष बाजारात आणणारे बागायतदार आहेत. भाव चांगला मिळतो, पण पावसात सापडायची जोखीम मोठी. असा बागायतदार रात्री काय विचार करतो? पाऊस आला तर डाउनी येईल, घड कुजतील, मग काय करायचं, फवारणी कधी, औषध आणून ठेवलंय का. हा माणूस प्रश्नावलीत 'निराशावादी' निघू शकतो! मानसशास्त्रात याला बचावात्मक निराशावाद म्हणतात. नोरेम आणि कँटर यांनी १९८६ मध्ये दाखवलं की अशी माणसं वाईटात वाईट काय होईल याचा विचार करून तयारी करतात आणि आशावाद्यांइतकीच चांगली कामगिरी करतात. उलट त्यांना 'काळजी करू नका, तुमचं चांगलंच होणार' असा धीर दिला तेव्हा त्यांची कामगिरी घसरली. आपल्याकडे 'अशुभ बोलू नये' म्हणणारी आजी जशी असते, तशी 'वाईट धरून चालावं, चांगलं झालं तर देवाची कृपा' म्हणणारीही असते. संशोधन या दुसऱ्या आजीच्याही बाजूने आहे, एवढंच सांगायचंय.

राग आवरायचा की वापरायचा?

आता भावना सांभाळण्याकडे येऊ. मोजपट्टीत राग आवरता येणं ही क्षमता मानली जाते. घरात, वर्गात, वाहतुकीत ते बरोबरच आहे. पण राग ही माहितीसुद्धा असते. अन्याय होतोय हे सांगणारी.

ट्रॉय, शॅलक्रॉस आणि मॉस यांचा २०१३ चा अभ्यास इथे उपयोगी आहे. घडलेल्या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघून दुःख कमी करणं हे कौशल्य जिथे परिस्थिती आपल्या हातात नाही तिथे उपयोगी ठरलं. पण जिथे परिस्थिती बदलणं शक्य होतं, तिथे हेच कौशल्य जास्त असलेल्या लोकांत नैराश्य जास्त दिसलं. जे बदलता येतं त्याच्याकडे फक्त नजर बदलून बघत बसलं तर ते तसंच राहतं, असा त्याचा एक अर्थ लागतो. अमेरिकेत २०१६ च्या निवडणुकीनंतर ब्रेट फोर्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतही ही दुसरी बाजू दिसली: मनाची अशी समजूत घालणाऱ्यांना त्रास कमी झाला, आणि त्यासोबत राजकीय कृतीही कमी झाली.

हे वाचताना मला २०१८ चा लाँग मार्च आठवतो. ६ मार्चला किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाले. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. वनजमिनीचे हक्क आणि कर्जमाफी या मुख्य मागण्यांपैकी. सुमारे १८० किलोमीटर चालून ते मुंबईत पोहोचले. पायांना फोड आलेले फोटो तुम्हीही पाहिले असतील. शेवटच्या टप्प्यात दहावीची परीक्षा चालू होती. मुलांना त्रास होऊ नये म्हणून मोर्चा सकाळची वाट न बघता रात्रीच चालत आझाद मैदानात गेला.

माझ्याकडे या मोर्चेकऱ्यांचे गुण नाहीत, म्हणून हा पुरावा म्हणून देत नाहीये. पण विचार करा. यात राग होता का? होताच. आशा होती का? नसती तर १८० किलोमीटर कोण चालेल? भावना सांभाळणं होतं का? दमलेल्या पायांनी, परीक्षेला बसणाऱ्या अनोळखी मुलांसाठी रात्री चालणं याहून जास्त काय असतं? फरक एवढाच की हे सगळं एका माणसाच्या आत घडत नव्हतं, सगळ्यांच्या मध्ये घडत होतं. बांडुरांनी स्वतः याला नाव दिलंय: सामूहिक क्षमता. 'आपण मिळून हे करू शकतो' हा विश्वास. संकटावरच्या अभ्यासांत वैयक्तिक स्व-क्षमता जेवढी मोजली जाते, त्या मानाने ही फार कमी दिसते. एकेकट्या माणसाला फॉर्म देणं सोपं असतं ना.

आणि १२ मार्चला बहुतेक मागण्या मान्य झाल्याचं लेखी मिळालं, तरी अंमलबजावणीसाठी २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा निघावं लागलं, हेही विसरू नका. आशा एकदा भरली की कायमची भरत नाही. दिलेला शब्द पाळला गेला नाही की ती आटते. ते आशा करणाऱ्याचं अपयश नाही.

जिथे हे म्हणणं क्रूर होतं

२१ एप्रिल २०२१. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्या काळात नाशिकमध्ये बेड आणि ऑक्सिजन शोधत फिरणाऱ्या घरांना 'आशावाद स्वास्थ्याचं रक्षण करतो' असं सांगणं कसं वाटलं असतं, याचा विचार हा विषय शिकणाऱ्या प्रत्येकाने करावा. ऑक्सिजनची जागा आशा घेत नाही. आशा काय करू शकते? मागे राहिलेल्या माणसाला काही महिन्यांनी पुन्हा उठायला मदत करू शकते. तेही महत्त्वाचं आहे. पण या दोन गोष्टी एका वाक्यात मिसळल्या की संशोधन क्रूर होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये राज्यातल्या आशा सेविका मोबदल्यासाठी संपावर गेल्या. घरोघर फिरून तपासणी करणाऱ्या या बायकांना ताणतणाव व्यवस्थापनाचं शिबिर द्या असं कुणीही सुचवू शकलं असतं, पेपरचा आधारही मिळाला असता. त्यांनी स्वतः काय मागितलं? मानधनात वाढ. निराशेचं कारण कुठे आहे हे त्यांना प्रश्नावलीपेक्षा चांगलं कळत होतं.

मग हे संशोधन टाकून द्यायचं का?

अजिबात नाही. मी याच विषयात पीएचडी करतेय, मला ते परवडणारही नाही! पण त्यातून काम कसं करायचं हे बांडुरांनीच सांगितलेलं आहे. स्व-क्षमता चार गोष्टींतून येते असं ते म्हणतात: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला जमलेलं बघणं, कुणीतरी 'तुला जमेल' म्हणणं, आणि शरीराची त्या वेळची स्थिती. यात सगळ्यात ताकदवान पहिली. नुसतं 'तुला जमेल' म्हणणं त्यापुढे फिकं पडतं, आणि 'पॉझिटिव्ह राहा'चं पोस्टर तेवढंच करतं.

पहिल्या प्रकारचं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, ऐकून घेतलं, गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत नेलं. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निकाल मांडले: नैराश्य असलेल्या लोकांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय उपक्रमालाच देता येत नाही. वर ज्या कडकपणे इतरांना तपासलं तोच नियम इथेही. तरी दिशा बघा. इथे माणसाला आशावादी बनवलं नाही, त्याच्यासमोर दार उघडलं. आशा त्याने स्वतः केली.

म्हणून पुढच्या वेळी 'आशावादी लोक संकटात टिकतात' अशी बातमी वाचलीत तर तीन प्रश्न विचारा. एक, सगळं एकाच दिवशी विचारलं होतं का? दोन, त्या लोकांच्या हातात काही करण्यासारखं होतं का? आणि तीन, या निष्कर्षावरून कुणाला बदलायला सांगतायत: संकटात सापडलेल्याला, की ज्याच्या निर्णयाने संकट आलं त्याला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेहमीच 'सापडलेल्याला' येत असेल, तर पेपर कितीही चांगल्या जर्नलमध्ये असू दे, सावध व्हा.

आणि तुम्ही स्वतः आत्ता कठीण काळात असाल तर एक साधी गोष्ट. आशावादी वाटत नसेल तर तो तुमचा दोष नाही, आणि आशावादी वाटेपर्यंत मदत मागायची थांबायचीही गरज नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आधी फोन करा, आशेचं नंतर बघू.

पुढच्या लेखात सामूहिक क्षमता मोजायची कशी, हा किचकट प्रश्न घेते. तुमच्या गावात, सोसायटीत, बचत गटात 'आपण मिळून निभावलं' असा काही अनुभव असेल तर नक्की कळवा. विचारायचे प्रश्न कदाचित त्यातूनच सापडतील.